न वाजणारा भोंगा

माझं माहेर हदगावचं. कॉलेज नांदेडला झालं. बी.एस्सी.ला मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हा वर्गात आम्ही तिघीच मुली होतो, आणि प्रॅक्टिकलला मुलं सोल्डरिंग गन हातात घेत आणि आम्हाला रीडिंग लिहायला सांगत. मी दोन महिने रीडिंग लिहिली. मग एक दिवस सगळ्यांच्या आधी जाऊन टेबल धरलं आणि हलले नाही. त्या दिवशीचं प्रॅक्टिकल होतं ऑसिलेटरचं.

बाहेरून कुठलाही सिग्नल न देता, नुसत्या बॅटरीवर, ठरावीक लयीत आपलं आपण वर-खाली होत राहतं ते सर्किट म्हणजे ऑसिलेटर. रेडिओत असतं, घड्याळात असतं, दारावरच्या बेलमध्ये असतं. आमचे सर शिकवायचे छान. म्हणायचे, पंचमीला झोका खेळता ना? झोका मागे येऊन परत निघतो त्याच क्षणाला ढकललं तर थोड्या जोरातही तो चालू राहतो. समोरून येताना ढकललं तर थांबतो. ऑसिलेटरमध्ये असंच आहे. अॅम्प्लिफायरमधून जे बाहेर येतं त्यातलं थोडं परत त्याच्याच तोंडात द्यायचं, पण वेळ साधून.

ही वेळ साधण्याच्या तऱ्हा वेगळ्या, म्हणून ऑसिलेटरचे प्रकार वेगळे. मी जो जोडला त्यात ट्रान्झिस्टर सिग्नल उलटा करून देतो, म्हणजे अर्धी फेरी झाली. उरलेली अर्धी फेरी रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या तीन पायऱ्या मिळून पुरी करतात, साठ-साठ अंशांनी. त्या पायऱ्या उतरताना सिग्नल बारीक होत जातो. जेवढा बारीक झाला तेवढाच ट्रान्झिस्टरनं परत मोठा केला तर लाट टिकते. कमी पडला तर विझते, जास्त झाला तर लाटेचे शेंडे कापले जातात.

पहिल्या दिवशी माझी लाट विझलेलीच राहिली. दुसऱ्या दिवशी मी एक रेझिस्टर बदलला आणि सीआरओच्या हिरव्या पडद्यावर लाट उभी राहिली. मी सरांना विचारलं, "सर, बाहेरून काहीच दिलं नाही तर पहिली लाट आली कुठून?"

ते म्हणाले, "तारेत इलेक्ट्रॉन कायम खुडबुड करत असतात. त्या खुडबुडीत सगळ्या लयी असतात. आपली लय तेवढी सर्किट उचलतं आणि वाढवतं. शून्यातून काही येत नाही."

मला ते फार आवडलं होतं. इतकं, की आपण हेच आयुष्यभर करायचं असं मी ठरवून टाकलं होतं.

लग्न लातूरला झालं. सासऱ्यांचं भुसार मालाचं दुकान, आणि नवरा ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सचा लेक्चरर. मुलगा शिकवणारा आहे, मुलीची कदर करेल, असं माझ्या वडिलांना वाटलं. मलाही वाटलं. लग्नानंतर पॉलिटेक्निकमध्ये एक जागा निघाली होती. अर्ज आणला, भरला. ह्यांनी तो वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी मुलगा झाला. माझी सोल्डरिंग गन पत्र्याच्या ट्रंकेत साड्यांखाली राहिली. अधूनमधून काढायचे. घराच्या दाराला मी बेल केली, शेजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त केले. कुणी विचारलं की हे म्हणायचे, "आमच्या घरी आहे एक मिस्त्री." लोक हसायचे. मीही हसायचे.

मग भूकंप झाला. गणपती बुडवून लोक झोपले होते, ते पहाटे उठले ते अंगणातच. आमच्या गल्लीत दोन भिंती पडल्या, एवढंच. पण औशाकडून ट्रक यायला लागले तेव्हा काय झालंय ते कळलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांचं गेलं त्यांनी लिहावं.

त्यानंतर धक्के येतच राहिले. लहान, पण येत. पक्क्या घरातले लोकसुद्धा मैदानात झोपत. एका संध्याकाळी जेवताना ह्यांनी विचारलं, "हाललं की वाजंल असं काही करता येईल का?"

मला कुणीतरी काही विचारलं होतं. दोन दिवसांत मी ते करून दिलं. गवंड्याचा असतो तसा छोटा ओळंबा, तारेनं टांगलेला. त्याची तार एका तांब्याच्या कडीच्या मधोमध लोंबते, कडीला न शिवता. जमीन हलली की ओळंबा झुलतो, तार कडीला लागते, सर्किट पुरं होतं आणि भोंगा वाजतो. भोंग्यासाठी मी मल्टिव्हायब्रेटर वापरला. हा ऑसिलेटरचा सगळ्यात रांगडा प्रकार. यात दोन ट्रान्झिस्टर असतात. एक चालू झाला की दुसऱ्याला बंद पाडतो. मधला कपॅसिटर रिकामा होईपर्यंतच ते टिकतं, मग बंद असलेला चालू होतो आणि पहिल्याला पाडतो. असं आलटून पालटून. गोल लाट येत नाही, चौकोनी येते, आणि स्पीकरला दिली की कानठळ्या बसतात. मी असे दोन जोडले. एक भराभर चालणारा, आवाजासाठी. दुसरा सावकाश, पहिल्याचा आवाज चढवायला आणि उतरवायला. नऊ व्होल्टची बॅटरी, आणि सगळं एका प्लास्टिकच्या साबणदाणीत बसवलं.

ह्यांनी पाय आपटला. भोंगा वाजला. सासूबाई दचकून हसल्या. त्या रात्री आम्ही सगळे घरात झोपलो.

शेजाऱ्यांनी मागितला, मग ह्यांच्या कॉलेजातल्यांनी. दिवाळीपर्यंत मी दुपारभर साबणदाण्याच भरत होते. मग हे सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर पेटी बांधून खेड्यांत जायला लागले. पत्र्याच्या शेडमध्ये लोकांना ठेवलं होतं तिकडे. एकदा मला बरोबर नेलं. पारावर लोक जमले. ह्यांनी साबणदाणी वर धरली आणि म्हणाले, "मंडळी, धरणी हलायच्या आधी हे ओरडतं. दोन मिनिटं मिळतात. दोन मिनिटांत माणूस पोरंबाळं घेऊन बाहेर येतो."

परत येताना मी म्हटलं, "अहो, ते आधी वाजत नाही. हलल्यावरच वाजतं."

"माहीत आहे मला. फिजिक्स मी शिकवतो."

"मग असं का सांगता?"

"त्यान्ला झोप पायजे. तीच द्यायलोय मी. तू कडी नीट बसव म्हणजे झालं."

गाडीवर मागे मी हातातली रिकामी पेटी घट्ट धरली. मला राग आला होता हे खरं. पण मी केलेली वस्तू लोक हातात घेऊन बघत होते, त्याचं बरंही वाटत होतं. दोन्ही होतं, तर दोन्ही लिहिते.

फाल्गुनात एक माणूस दारात आला. टॉवेलमध्ये गुंडाळलेली साबणदाणी हातात. त्यांच्या वस्तीवर वावटळ सुटली होती, शेडचा पत्रा हलला, पत्र्याला टांगलेला भोंगा वाजला. त्याची आई नातवाला काखेला मारून धावली आणि उंबऱ्याला अडखळून पडली. नातू वाचला, आईचं खुब्याचं हाड मोडलं.

हे त्याला आत घेऊन बसले, चहा दिला. तो शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "सर, वस्तूत दोष न्हाई. पत्राच हालला. ह्याचे कान जरा लई तिखट हायत, तेवढे कमी करून द्या."

ह्यांनी त्याला नवीन साबणदाणी दिली, फुकट. तो आभार मानून गेला.

मला झोप लागेना. चार दिवसांनी मी माहेरच्या एका बाईंकडे जाते असं घरी सांगितलं आणि एसटीत बसून त्या वस्तीवर गेले. म्हातारी बाजेवर पडून होती. पायाला विटा बांधून वजन दिलेलं. मी कोण ते सांगितलं. तिनं सुनेला पाणी आणायला लावलं.

मी म्हटलं, "मावशी, एक सांगायला आले. ते यंत्र आधी वाजत नाही. जमीन हलल्यावरच वाजतं. आधी कळायची काही सोयच नाही."

ती पत्र्याकडे बघत म्हणाली, "मला काय ठावं न्हाई व्हय, माय? आधी कुणाला कळलंय. पर ते टांगल्यापासून माझं पोरगं आत झोपाया लागलं. त्याच्या आधी चार महिने बसूनच डोळा लावायचा. त्याची बायकू गेली ना त्यात, पैली. ही दुसरी हाय."

तेवढ्यात मुलगा रानातून आला. मला बघून त्याला आनंद झाला. "मॅडम, बरं झालं आलात. नवंबी दोनदा वाजलं. आईचं काळीज उडतंय."

मी साबणदाणी खाली काढून घेतली. पर्समध्ये पकड होती. कडी उकलली आणि मोठी केली. म्हातारी बघत होती. अजून मोठी केली. शेवटी ओळंब्याची तार तिला कधीच लागणार नाही एवढी केली. पुन्हा टांगली. पोरानं पत्र्यावर थाप मारून बघितली, वाजलं नाही. तो म्हणाला, "आता ब्येस झालं."

त्या माणसाला मी सांगितलं नाही. म्हातारीनं माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. तिला कळलं होतं असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

घरी आले आणि ह्यांना सगळं सांगितलं. कुठे गेले होते, काय केलं, सगळं. मला वाटलं, खजील होतील. निदान चिडतील. ते पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवून म्हणाले, "म्हंजे आता वाजतच न्हाई?"

"नाही."

"आन् त्यान्ला चाललं?"

"त्याला कळलंच नाही."

"मग सगळ्यांच्याच तशा कर," म्हणाले. "तक्रारी लई यायल्यात."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "मग आत सर्किट कशाला घालायचं? रिकामीच द्या ना." हे टोचून बोललेलं होतं. त्यांनी ते हिशेबात घेतलंच नाही. म्हणाले, "न्हाई, पाय आपटल्यावर एकदा तरी वाजाया पायजे. दाखवताना हळूच दाबायला एक बटण बसव."

मी बटण बसवलं. बटण दाबलं की वाजायचं, एरवी नाही. पुढचं वर्षभर मी अशा साबणदाण्या भरल्या, आधी दिलेल्याही मागवून घेऊन तशाच केल्या. तक्रारी थांबल्या. लोक खूश होते. मधे एक धक्का आला, घरातली भांडी वाजली एवढा. गावात एकही भोंगा वाजला नाही. मी दिवसभर दाराकडे बघत बसले, आता लोक येतील म्हणून. संध्याकाळी कोपऱ्यावरचा किराणावाला ह्यांना म्हणाला, "सर, वस्तू हुशार हाय. धक्का बारका होता, तिनं बरोबर वळखलं. उगं वराडली न्हाई."

हे घरी येऊन मला सांगताना हसत होते. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

भीती ओसरली तशी साबणदाण्यांची मागणी संपली. पण ह्यांचं नाव औसा, निलंगा, उदगीरपर्यंत झालं होतं. भोंगेवाले सर. तोवर लातुरात क्लासचं वारं सुटलं होतं. बोर्डात लातूरची मुलं झळकत होती आणि लांबलांबून आईबाप पोरं घेऊन येत होते. ह्यांनी आधी घरातल्या पुढच्या खोलीत वीस मुलं घेतली. मग दुकानाच्या वरचा मजला. मग नोकरी सोडली आणि क्लासची स्वतःची इमारत बांधली. खेड्यांतली माणसं नाव काढत यायची आणि पोराचा हात ह्यांच्या हातात द्यायची.

बारावीला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं की मार्क भरपूर पडतात, अशी तेव्हा हवा होती. तो विषय घरात मलाच येत होता. ह्यांनी मला नोट्स लिहायला सांगितल्या. मी आनंदानं बसले. एकट्या ऑसिलेटरवर मी बारा पानं लिहिली. झोक्यापासून सुरुवात केली. मग कॉइल आणि कपॅसिटरची जोडी. कपॅसिटर आपली ऊर्जा कॉइलला देतो, कॉइल परत त्याला देते, आणि मधल्या मधे जी थोडी गळते ती ट्रान्झिस्टर भरून देतो. त्यातही दोन प्रकार. एकात कॉइलच्या मधून तार काढून सिग्नल परत नेतात, दुसऱ्यात दोन कपॅसिटरच्या मधून. पुस्तकात त्यांना साहेबांची नावं आहेत, मी ती शेवटी दिली. मग क्वार्ट्झचा खडा, जो वीज दिली की ठरलेल्या लयीतच थरथरतो, आणि म्हणून घड्याळ चुकत नाही. आकृत्या मी पट्टीनं काढल्या होत्या.

ह्यांनी बारा पानांचं एक पान केलं. चार आकृत्या, चार सूत्रं, फायदे तीन, तोटे दोन. म्हणाले, "का चालतं ते नको. काय लिहायचं ते दे." नोट्स छापून आल्या तेव्हा वर 'सरांच्या नोट्स' असं होतं. माझं काम फी घ्यायच्या खिडकीत बसण्याचं. तिथे मला सगळे मॅडम म्हणत.

माझ्या भावाची मुलगी दहावीनंतर हदगावहून आमच्याकडे राहायला आली, क्लाससाठी. डॉक्टर करायचं होतं भावाला. पण ह्यांच्या आग्रहावरून तिनं इलेक्ट्रॉनिक्सही घेतलं होतं. मुलगी फार बोलायची. एकदा ह्यांच्या तासाला तिनं हात वर केला. मी दाराशी हजेरीपट घेऊन उभी होते, म्हणून ऐकलं. तिनं विचारलं, "सर, इनपुटच नसेल तर पहिल्यांदा सुरू कसं होतं?"

ह्यांनी खडू खाली ठेवला. "किती मार्काला आलाय हा प्रश्न?"

सगळी पोरं वळून तिच्याकडे बघायला लागली.

"मागच्या दहा वर्षांच्या पेपरात दाखव, मी उत्तर देतो."

पोरं हसली. ती बसली. तिनं दाराकडे, माझ्याकडे बघितलं. मला उत्तर माहीत होतं. मी हजेरीपट टेबलावर ठेवला आणि खिडकीत जाऊन बसले.

घरी मी तिला माळ्यावरून ट्रंक काढून दाखवली. आम्ही दोघींनी तो तीन पायऱ्यांचा ऑसिलेटर जोडला. सीआरओ नव्हता, म्हणून जुन्या रेडिओचा स्पीकर लावला. सूं असा बारीक आवाज आला. रेझिस्टर बदलला की आवाज चढायचा, उतरायचा. ती तास न् तास तेच करत बसली. मी तिला इलेक्ट्रॉनच्या खुडबुडीचं सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, तू शिकवत का नाहीस?"

मी म्हटलं, "शिकवतेय की."

पंधरा दिवसांनी तिचे टेस्टचे मार्क कमी आले. ह्यांनी हदगावला फोन केला. भाऊ दुसऱ्याच दिवशी आला. तो माझ्याशी भांडला नाही. ह्यांच्यासमोर हात जोडून म्हणाला, "दाजी, तुम्ही म्हणाल तसं." मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, पोरीला हे असलं लावू नको गं. पेपरात येत न्हाई म्हणं." पोरगी त्याच दिवशी आमच्या घरातून हॉस्टेलला गेली.

बारावीला तिला प्रॅक्टिकलमध्ये पैकीच्या पैकी मिळाले. त्या परीक्षेत तिनं कशालाही हात लावला नव्हता. रीडिंग तयार होती, सगळ्यांनाच वाटली होती, आणि ती आदल्या आठवड्यात मीच लिहून दिली होती. मेडिकलला पहिल्यांदा नंबर लागला नाही. एक वर्ष रिपीट केलं. त्या वर्षात ती मला दोनदा भेटली आणि दोन्ही वेळा फक्त कट-ऑफबद्दल बोलली. पुढच्या वर्षी लागला. ह्यांच्या जाहिरातीत तिचा फोटो आला, पासपोर्टचा, डोळे अर्धे मिटलेला.

आता ह्यांचा क्लास राहिला नाही. बाहेरच्या मोठ्या क्लासवाल्यांनी इमारतच घेतली. हे दिवसभर टीव्हीसमोर असतात आणि आजकालच्या मास्तरांना काही येत नाही असं म्हणतात. नांदेडच्या सरांना एकदा भेटून यावं असं पुष्कळदा मनात आलं. काय करतेस असं त्यांनी विचारलं असतं, म्हणून गेले नाही. ते गेल्याचं मला वर्षभरानं कळलं.

भाची नांदेडला असते. मोठा दवाखाना आहे तिचा. मागच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. मुलगा दहावी झाला होता.

"आत्या, ह्याला लातूरला टाकायचंय. कोणता क्लास चांगला?"

मी म्हटलं, "एक मास्तर आहेत, फार छान समजावून सांगतात. मुलं थोडी घेतात."

ती म्हणाली, "समजावणारा नको गं. मार्क काढून देणारा सांग."

मी तिला जो क्लास सांगितला तो ह्यांच्याच जुन्या इमारतीत आहे. फॉर्म मीच जाऊन आणला, म्हणजे तिला दवाखाना सोडून यायला नको.